दिवस मावळायच्या आत बसवलं तुम्हाला

अहो,

तुम्ही गेल्यावर मी पहिलं काय केलं ते आधी सांगते. घरातले सगळे दिवे लावले. भर सकाळी. स्वयंपाकघरातला, न्हाणीतला, जिन्याखालचा, देवळीतला. पंखे लावले, देवघरातली ती लाल-हिरवी माळसुद्धा लावली, जी लेकीनं आणलेली आणि तुम्ही एक दिवाळीसुद्धा पुरी पेटू दिली नव्हती. म्हटलं, आता तर उठतील. माझ्या रडण्यानं उठणारा माणूस तुम्ही नव्हताच. पण जिन्याखाली फुकट दिवा जळतोय म्हटल्यावर सरणावरून… चुकले, आपल्यात सरण कुठलं. तर म्हटलं, खड्ड्यातूनसुद्धा उठाल. नाही उठलात. तेव्हा माझी खात्री पटली. डॉक्टर नंतर आले, त्यांनी फक्त माझ्या निदानाला मान डोलावली.

येणारा-जाणारा सांगतो, "अप्पा फार साधे होते हो." मी मान हलवते. मनात म्हणते, बाबा रे, साध्या माणसाच्या घरात दोन दिवस राहून तर बघ. सोयरे बैठकीत बसलेले असताना बटण दाबून अंधार करणारा माणूस साधा? लेकीला बघायला नांदेडहून आलेली मंडळी, चहा हातात, तिन्हीसांजेची वेळ, आणि तुम्ही उठून ट्यूब बंद केलीत. "पोरगी बघून झाली ना? आता बोलायचंच आहे. बोलायला उजेड कशाला लागतो?" त्या अंधारात तिचं लग्न ठरलं. होणाऱ्या सासूनं बशी समजून माझ्या मांडीवर कप ठेवला. लेक अजून म्हणते, माझा नवरा मला उजेडात कुणी दाखवलाच नाही, नाहीतर विचार केला असता.

मीही काही कमी नव्हते म्हणा. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, तेव्हा मी औशाहून लग्न होऊन आले. जिल्हा झाला तो सरकारी कागदावर, पण मला वाटायचं माझ्यासाठीच केला. तालुक्याची पोरगी जिल्ह्याची बाई झाली! औशाला मैत्रिणींना सांगून आले होते, आमच्याकडं बटण दाबलं की दिवसासारखं. बैठकीच्या खिडकीचे पडदे मुद्दाम बाजूला सारायची, रस्त्यावरच्या माणसाला आमची ट्यूब दिसावी म्हणून. ती पोरगी आज समोर आली ना, तर तिच्या डोक्यावर मी ती ट्यूबच फोडीन. वेणीला रिबीन, डोक्यात भुस्सा, आणि चाल अशी की जणू जिल्हाधिकारी हिला विचारूनच सही करतात.

ती पोरगी रोज सकाळी पाणी ओतून द्यायची. आठवतं? औशाला आमच्या घरी रीतच तशी होती. रात्रभर राहिलेलं पाणी शिळं. नळ आला की घागरी, हंडे, रांजण सगळं रिकामं करायचं, विसळायचं, ताजं भरायचं. शिळं पाणी देवाला चालत नाही, पाहुण्याला चालत नाही, आणि जिल्ह्याच्या बाईला तर नाहीच नाही. दुष्काळाचं वर्ष, नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि तुमची नवी बायको नळाचा फुसफुस आवाज ऐकला की आधी रांजण गल्लीत पालथा करायची. एका सकाळी नळ फुसफुसला, मी रांजण ओतला आणि नळ नुसताच वारा सोडून बंद पडला.

तुम्ही दुकानातून जेवायला आलात. गल्ली ओली, रांजण कोरडा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "लुगडं नेस. जरीचं. चल." मला वाटलं, रागावून माहेरी सोडतायत. तर मला नेलंत टँकरच्या रांगेत. हातात घागर, अंगावर लग्नातला शालू, वर ऊन. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, नव्या नवरीला कशाला आणलंव वो रांगेत?"

तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "तिला ताजं लागतं, मावशी. शिळं प्यायची सवय न्हाई तिला. घेऊ द्या ताजं."

संध्याकाळपर्यंत उभी केलीत. घरी आल्यावर एवढंच म्हणालात, "भाकर शिळी होती. पाणी होत न्हाई." त्यानंतर मी पाणी ओतलं नाही. पण तुम्हाला माफही केलं नाही. आत्ताही करत नाहीये, उगीच गैरसमज नको.

तुमच्या दुकानानं तर घराचं गोदाम केलं. बारदान्याचा धंदा, म्हणजे फाटकी पोती आमच्याच नशिबाला. उन्हाळ्यात खिडकीला ओलं पोतं, रांजणाला ओलं पोतं, गच्चीवरच्या टाकीला पोत्याचा अंगरखा. आणि पोती भिजवायची ती भांडी विसळलेल्या पाण्यानं. नवं पाणी पोत्याला घातलं तर तुमच्या कपाळावरचं भस्म हलायचं. घरात ओल्या तागाचा असा वास की आपला बस्वा शाळेत गेला की पोरं विचारायची, "तुमच्याकडं बैल किती हायत रे?" एक बैल आहे म्हणून सांग, असं मीच त्याला शिकवलं होतं.

डाळ शिजवायची तीही पोत्यात. खोक्यात भुसा, त्यावर पोतं, त्यात उकळी आलेलं भांडं झाकण घट्ट लावून दाबायचं, वरून आणखी पोती. गॅस बंद. डाळ आपली आपण शिजत बसायची. माझ्या भावजयीनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरून विचारलं, "ताई, आत काय बाळंतीण आहे का?" मी तुमच्यावर लाख बोलले, पण सांगते, तशी डाळ कुकरला येत नाही. हे जिवंतपणी सांगितलं असतं तर तुम्ही ते चार गल्ल्यांत सांगत फिरला असता, म्हणून गिळून टाकलं.

पैशासाठी करत असता तर समजले असते. चिक्कू म्हणून मोकळी झाले असते. पण दारी आलेल्याला तुम्ही हात आखडून कधी दिलं नाहीत. फुकट गेलेलं तेवढं बघवायचं नाही. उघडी तोटी, कुणी नसलेल्या खोलीतला पंखा, ताटात टाकलेली भाकर. कुणाचं मूल उन्हात रडतंय असं तुमचं तोंड व्हायचं. नांदेडला लेकीकडं लिफ्ट होती. तुमचे गुडघे डबा झालेले, तरी जिना. "दोन पायांचा माणूस उचलायला मोटर?" वर पोचेपर्यंत जेवण निवलेलं, आणि मग म्हणायचात, "गरम करू नका, चालतंय." गीझर चालू दिसला की आत कोण आहे ते न बघता दार वाजवायचात. जावई बिचारे साबण लावलेल्या अंगानं थंड पाणी घ्यायचे. तुम्ही निघालात की ते लेकीला म्हणायचे, अप्पांची गाडी सुटली का नक्की, बघून ये.

आणि शेजारचे कुलकर्णी सर. तुमचं-त्यांचं वैर सगळ्या कॉलनीला ठाऊक. ते पाइप लावून गाडी धुवायचे आणि तुम्ही कंपाउंडपाशी उभं राहून बघायचात. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचं. माणसाला वाटावं आपण गाय मारतोय. रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली त्या वर्षी गाडी धुणं सोडा, सरांच्या घरी प्यायला नव्हतं. त्यांची बोअर आटली. आपली टाकी पावसाळ्यात गच्चीवरून उतरवलेल्या पाण्यानं भरलेली, जमिनीखाली गप्प पडून होती. त्या टाकीसाठी तुम्ही माझं तुळशीवृंदावन हलवलं होतं, तेही माफ नाही. सर बादली घेऊन दारात आले. मला वाटलं, आता तुमच्या तोंडाला खाज सुटणार.

"तांब्यानं घ्या," तुम्ही म्हणालात. "बादली बुडवू नका. तांब्यानं घेतलं की कळतं किती घेतलं."

सर भलेमोठे, खाली वाकून तांब्या तांब्या करत बादली भरत होते आणि तुम्ही वर उभे. त्यांचा घाम त्याच पाण्यात पडत होता. आता हे क्रूर म्हणावं की पुण्य, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पाऊस पडेपर्यंत त्यांना एक दिवस नाही म्हणाला नाहीत. माझ्या मनात त्या उन्हाळ्यात तुमच्याबद्दल जे आलं होतं ते बोलून दाखवायला हवं होतं. तेवढ्यात तुम्ही मला तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं नाही म्हणून ओरडलात, आणि ते राहिलं ते राहिलंच.

पण बस्वाचं काय?

त्यानं एसी पाठवला तो प्रेमानं पाठवला. पहिल्या परदेशी नोकरीतून. पोरगं दूर देशात बर्फात राहतं आणि त्याला आईबापाचं ऊन आठवतं, ह्यात काय चुकलं त्याचं? तुम्ही खोकं उघडलंसुद्धा नाहीत. भिंतीला लावून ठेवलंत आणि वर ज्वारीची पोती रचलीत. तो सुट्टीला आला, ते बघितलं. जेवताना विचारलं, "अप्पा, लावला का न्हाई?"

"गार हवा आपल्याला, आन् गरम हवा शेजाऱ्याला? मला न्हाई जमत तसलं."

"तुम्हाला माझं काही जमतच न्हाई."

"तुझं जमतंय रे. तुझं मशीन न्हाई जमत."

तो ताटावरून उठला. तुम्ही त्याच्या मागं जायच्या ऐवजी त्याच्या ताटातली भाकर कुणाला द्यायची ते मला विचारलंत. त्यानंतर दोन वर्षं तो माझ्याशी फोनवर बोलायचा आणि शेवटी म्हणायचा, "अप्पा बरे हायत ना?" तुम्ही समोर खाटेवर. मी फोन पुढं करायची. तुम्ही हातानंच म्हणायचात, चालू दे तुमचं. दोघंही एकाच पोत्यातले दाणे, कीड लागली तरी फुटायचे नाहीत.

यंदा उन्हाळ्यात कुलकर्णी सरांची आई वारली. पुण्याची मुलं येईपर्यंत त्यांनी ती काचेची गार पेटी आणून म्हातारीला तीत ठेवलं. मध्येच लाईट गेली, मग जनरेटर, मग जनरेटरचा धूर, आणि धुरात बसलेले पाहुणे. तुम्ही तिथून आलात, पाय धुतले आणि मला म्हणालात, "मला तसल्या फ्रिजात घालायचं न्हाई. दिवस मावळायच्या आत बसवायचं. मेलेल्याला गार ठेवायला कोळसा जाळायचा?" मी म्हटलं, आधी मरा तर. तुम्ही म्हणालात, "मरतो. पण तू ध्यानात ठेव."

आणि जायच्या आदल्या संध्याकाळी, दम लागलेला, तेच परत. "पेटी न्हाई. मावळायच्या आत." आणि त्याच दमात, "बस्वा निघाला का?"

तुमचं दुखणं कळल्यावर निघाला होता. रात्रीचं विमान होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी हैदराबाद, तिथून गाडीनं उदगीरवरून इथं. म्हणजे तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. तुम्ही सकाळी गेलात. बेचाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही मला दोन गोष्टी एका दमात मागितल्यात, आणि त्या दोन्ही एकत्र होणाऱ्या नव्हत्या. मुद्दाम केलंत की काय, असंच मला वाटायला लागलंय.

मधल्या विमानतळावरून त्याचा फोन आला. मी सांगितलं. मागं गलका ऐकू येत होता, विमानं कुठं चाललीत ते सांगणारी बाई. मग तो म्हणाला, "आई, मला तोंड बघायचंय अप्पांचं. मी येईपर्यंत ठेव."

माझ्याशी बोलून त्यानं कुलकर्णी सरांना फोन लावला असणार. कारण नांदेडची लेक घरात पाय ठेवते तोच दारात टेम्पो. टेम्पोत पेटी. सर पुढं, घामाघूम. चार जणांनी ती बैठकीत आणली, पिन खोचली आणि घराचा फ्यूज उडाला. उडणारच. तुमच्या घराला एका वेळी दोन बल्ब आणि एक पंखा एवढंच ठाऊक. परत लावला, परत उडाला. सर म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका, आमच्याकडून वायर ओढतो." आणि खरंच कंपाउंडवरून वायर आली. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मला, खोटं कशाला सांगू, हसू येत होतं. ज्या सरांच्या एसीकडं तुम्ही कंपाउंडवरून दहा वर्षं रागानं बघितलंत, त्यांच्या विजेवर तुम्ही गार होणार होतात.

तेवढ्यात अय्या आले. लग्नापासून मातीपर्यंत आपल्या लिंगायतांचं सगळं तेच करतात. त्यांनी पेटी बघितली, तुमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्यात आडवं ठेवणार?"

"हो, उद्यापर्यंत," सर म्हणाले. "आमच्याकडं तर दोन-दोन दिवस ठेवतात."

"सर, तुमच्यात आडवं जाळतेत. आमच्यात बसवून माती देतेत. मांडी घालून, हातात लिंग देऊन. उद्यापर्यंत लाकूड होईल त्यांचं. लाकडाला मांडी कशी घालायची? गुडघे मोडायचे का?"

सरांनी हात जोडले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. बसवून भोवती बर्फ लावू, असंही कुणीतरी सुचवलं. अय्या म्हणाले, "बाहेर बघा ऊन. उद्या सांजपर्यंत किती लाद्या लावणार? आन् पोराला काय दाखवणार मग?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. लेक रडत म्हणाली, "आई, भाऊ येऊ दे गं. आडवं तर आडवं. अप्पाला काय कळतंय आता?"

मला कळत होतं. तुम्ही जन्मभर कुणाला आडवं येऊ दिलं नाहीत, आणि तुमचे गुडघे मोडून खड्ड्यात कोंबायचे? तुमचे ते डबा झालेले गुडघे, ज्यांना मी रात्र-रात्र एरंडेल चोळलं? पण एवढंच नव्हतं. खरं सांगते. तुम्ही म्हणायचात, मला जमत नाही, माझा हात उधळा, मी भरला रांजण गल्लीत ओतणारी. मला दाखवायचं होतं की जमतं. तुमच्यापेक्षाही कठोर होता येतं. तुम्ही ट्यूब बंद केलीत, पंखा बंद केलात; मी माझ्या पोराचा शेवटचा बाप बंद केला.

मी उठले. वायर काढली. म्हटलं, "सर, पेटी न्या. बसवा ह्यांना."

मग सगळं भराभर झालं. तुम्हाला भिंतीला टेकवून मांडी घातली, उपरण्यानं बांधलं, कपाळभर भस्म. तुम्ही फार ऐटदार दिसत होतात. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बसलेत बघा कसे राजासारखे. ऊन उतरायच्या आत निघालो, मावळायच्या आत माती दिली. दिवा लावावा लागला नाही. तुमच्या मनासारखं अगदी.

फोटो काढून ठेवला होता लेकीनं. बस्वानं तो बघितला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो थेट मातीवर गेला, परत आला तेव्हा पँटच्या गुडघ्यांना माती. पाणी दिलं, प्याला नाही. पाहुणे उठून गेल्यावर माझ्यासमोर बसला. मी वाट बघत होते की ओरडेल. तुमचाच पोरगा तो, ओरडला नाही.

"अप्पांनी विचारलं का माझं?"

मी खोटं बोलू शकले असते. सगळ्या आया बोलतात. म्हटलं, "विचारलं. निघाला का म्हणून."

"आन् तरी?"

"तरी. पेटीत ठेवलं असतं तर आडवं पुरावं लागलं असतं रे तुझ्या अप्पाला."

त्यानं मान वर केली. त्याचे डोळे तुमचे आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नको झालं.

"मग पुरायचं, आई," तो म्हणाला. "आडवं पुरायचं."

परवा तो गेला. जाताना पाया पडला, पण मान वर करून बघितलं नाही. मी तुमच्याशी रोज भांडते आहे. म्हणते, तुम्ही सांगितलंत म्हणून केलं. आणि तुमच्या आवाजात मीच उत्तर देते, मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, सोपी होती ती तू केलीस.

हे बोलला असतात का तुम्ही? जिवंत असतात तर विचारलं असतं. आता मी काहीही विचारलं तरी तुम्ही माझ्यासारखंच बोलता, आणि मला माझं ऐकायचं नाही.